आमची काही हरकत नाही

आता आमच्या नगरच्या सावेडीत नुसता साखरपुडा असला तरी डोक्यावर ड्रोन भिरभिरत असतो. पंगतीवरून जातो, नवरीच्या डोक्यावर येऊन थांबतो, बायका वर बघून हात हलवतात. परवा आमच्या शाळेतल्या शुभांगीबाईंच्या मुलीच्या लग्नात मी त्या फोटोवाल्याला विचारलं, "परवानगी घेतलीय का हो?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, एवढ्याशाला कसली परवानगी?" मला असा संताप आला की हातातलं ताट तिथंच ठेवून मी घरी निघून आले. शुभांगीबाईंना अजून वाटतंय, मला भाजी आवडली नाही.

आम्ही घेतली होती परवानगी. सत्त्याण्णव साली. दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांच्या सह्या-शिक्क्यांची. एवढी रीतसर परवानगी घेणारं माणूस जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि एवढं मूर्खही नसेल. मूर्ख म्हणताना मी नवऱ्याला एकट्याला म्हणत नाही. मीही त्यातच.

आमच्या ह्यांचं नाव चेतन. सावेडीत तेव्हा ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशी, लग्नं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. हे पुण्याला कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत होते, तिथं ह्यांना छोटी विमानं उडवायचं वेड लागलं. खेळण्यातली नव्हेत. पाच फूट पंखांची, खऱ्या इंजिनाची, जमिनीवर उभं राहून हातातल्या वायरलेसच्या डब्यानं चालवायची. त्या इंजिनाच्या इंधनात एरंडेल घालतात, त्यामुळं आमच्या घराला बारमाही एरंडेलाचा वास. बाहेरच्या खोलीत पंख वाळत घातलेले आणि पाहुण्यांनी बसायचं कुठं, तर पलंगाच्या कडेला. पंचाण्णव साली ह्यांनी विमानाच्या पोटात एक छोटा कॅमेरा बसवला. खालून कळ फिरवली की वर बटण दाबलं जायचं. हे म्हणायचे, बघ, पुढं लग्नाचे, कारखान्यांचे, शेतांचे फोटो सगळे वरूनच काढतील, लोक त्यावर पोट भरतील. मी म्हणायची, "आधी खालचे नीट काढा. मागच्या मुंजीत अर्ध्या पाहुण्यांचे डोळे मिटलेत." बिचारा खरं बोलत होता.

आणि कायद्याचा असा भक्त की विचारू नका. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला स्कूटर बंद करून उभा. स्कूटरचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डिकीत, डिकीला कुलूप. मी चिडवलं की म्हणायचे, "जयमाला, तुझ्या-माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. आपल्याला माणसात आणलं ते कायद्यानं. आपणच तो मोडायचा?" भिंतीवरून बाबासाहेब बघत असायचे.

सासर पुणतांब्यापासून दोन कोसांवर, गोदावरीच्या काठाला. गावाचं नाव नाही सांगत, सांगून कुणाचं काय भलं होणार आहे? आमच्या वस्तीच्या मागं, नदीकडच्या उताराला पाऊण एकराचा एक तुकडा होता. कागदावर ती श्रीमंतरावांची पड जमीन. श्रीमंतराव म्हणजे गावचे सरपंच. पण तीन पिढ्या वस्तीची माणसं तिथंच मातीत गेलेली. आमचे सासरे सहादू तिथं, त्यांची आई तिथं. अलीकडं मोठ्या माणसांना अग्नी द्यायला लागले होते, पण लहान मुलांना पुरतातच, सगळ्याच समाजांत पुरतात.

ब्याण्णव साली माझी मुलगी तिथं ठेवली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं, अकराव्या दिवशी ती गेली. मी तापानं फणफणलेली, मला कुणी तिकडं जाऊ दिलं नाही. सासूबाईंनी, भिमाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, तिला पदरात घेऊन नेलं आणि जागा ध्यानात ठेवली. वरच्या अंगाला निंबाचं झाड होतं, तिथून नदीकडं अठरा पावलं. पुढं मला मूल झालंच नाही. दरवर्षी त्या दिवशी आम्ही दोघी जायचो. आत्याबाई पावलं मोजायच्या आणि थांबून म्हणायच्या, "ही बघ, हितं." मी तिथं बसायची. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. गवत उपटायची नाही, फूल वाहायची नाही, नुसती बसायची. मी कुणाचीतरी आई आहे हे सांगणारी जगात तेवढीच जागा होती माझ्याकडं. तेवढी राहावी, एवढंच माझं मागणं होतं.

श्रीमंतरावांचा नांगर दरवर्षी दोन हात आत यायचा. थडग्यांचे दगड एकेक करून त्यांच्या बांधाला गेले. शेवटी वस्तीनं अर्ज केला की ही जागा दफनभूमी म्हणून नोंदवून द्या. तालुक्याचे साहेब जीपमधून पाहायला आले. गुडघाभर गवत, मधूनमधून बाभळीची झुडपं. म्हातारी माणसं बोट दाखवून सांगू लागली, हा माझा बाप, ही माझी चुलती. साहेब म्हणाले, "मला तर गवत दिसतंय. तोंडी नको, पुरावा आणा." आणि निकाल राखून ठेवला.

त्याच साली, पंचाण्णवच्या भाद्रपदात, हे गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढले होते, सहज, फोटो काढायला. खाली आले ते धापा टाकत. "जयमाला, ओळी दिसतात! सगळे ओळीनं झोपलेत!" खड्ड्याची माती भुसभुशीत असते, तिथं गवत जास्त दाट आणि काळपट हिरवं येतं. जवळ उभं राहिलं तर काही कळत नाही, उंचावरून मात्र एकेक जागा वेगळी दिसते. टाकी अर्धा मैल लांब, फोटोत नुसता हिरवा पट्टा आला. पण विमान सरळ वर नेऊन फोटो काढला तर साहेबांना पुरावा मिळणार होता. माझी इवलीशी खूण दिसेल का, असं मी विचारलं. हे म्हणाले, "दिसेल. मी दाखवीन तुला." मी त्या शब्दावर वर्षभर जगले.

गवत पुढच्या पावसाळ्यातच वाढणार, म्हणून थांबलो. तेवढ्यात डिसेंबरात पेपरात बातमी आली, बंगालात रात्रीच्या वेळी एका विमानातून बंदुका खाली टाकल्या. देशभर आरडाओरडा. ह्यांच्या जुन्या एनसीसीच्या साहेबांनी सांगितलं, आता फार जपून, आभाळातून फोटो काढायला परवानगी लागते, वायरलेसला वेगळी लागते, आणि नगरला तर लष्कर आहे. झालं! हे मला म्हणाले, "बिनपरवानगीचा फोटो पुढं केला तर श्रीमंतरावांचा वकील दोन मिनिटांत फेकून देईल. रीतसरच करू." हे काही चूक नव्हतं. म्हणून तर माझा राग कुठं ठेवायचा ते मला अजून कळत नाही.

शहाण्णवच्या जूनमध्ये अर्ज लिहिला. अक्षर माझं चांगलं, म्हणून लिहिला मी. 'दफनभूमीच्या खुणांचे हवाई छायाचित्रण करणेबाबत.' ह्यांना वाटलं, जेवढं सविस्तर लिहू तेवढं सरकारला बरं वाटेल. म्हणून सोबत यादी आणि नकाशा. आत्याबाईंना शेजारी बसवून मी नकाशा काढला. निंबाचं झाड, बांध, नदी, आणि प्रत्येक माणसाला वह्या तपासायच्या लाल पेनानं एक ठिपका. सदतीस ठिपके. आत्याबाई पावलं सांगायच्या, मी मोजून ठिपका द्यायची. शेवटचा ठिपका माझा. यादीत त्यापुढं काय लिहावं सुचेना, तर लिहिलं 'अनाम बालिका'. पाच प्रती लागत होत्या. झेरॉक्समध्ये लाल रंग येत नाही म्हणून पाचही नकाशे मी हातानं काढले, पट्टी लावून. मुख्याध्यापकांनी वर्गातल्या तक्त्यांचं कौतुक करावं, इतके सुबक.

नगरमधल्या ज्या सरकारी ऑफिसात अर्ज दिला तिथं आमचा विषय शामकांत नावाच्या क्लार्ककडं होता. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. पन्नाशीचे, शांत, टेबलावर टाचण्यांची डबी जागच्या जागी. वाईट माणूस मुळीच नव्हता, हे आधीच सांगते. हे झेरॉक्स काढायला बाहेर गेले तेव्हा ते हळूच मला म्हणाले, "बाई, एक सांगू का? तुमच्या मिस्टरांना म्हणावं, रविवारी सकाळी जा, उडवा, फोटो काढा आणि मोकळे व्हा. असल्या विमानाला काय म्हणायचं तेच आमच्याकडं कुणाला माहीत नाही. एकदा का मी ह्याला आवक नंबर दिला, की मग माझ्याही हातात राहणार नाही."

मी ह्यांना तिथंच जिन्यात सांगितलं. हे भडकले. "सरकारी माणूस कायदा मोडायला सांगतो? आणि तू ऐकून घेतेस?" परत आत गेले आणि आवक नंबर घेऊनच बाहेर आले. कागदावर शिक्का बघून चेहरा असा फुलला होता की मला पुढं बोलवेना.

मग सुरू झालं. पोलिसातून हवालदार आला, विमान उलटंपालटं करून पाहिलं. विचारलं, "ह्यात बॉम्ब बसतो का?" हे म्हणाले, कॅमेराच जेमतेम बसतो. त्यानं लिहून घेतलं, 'बॉम्ब जेमतेम बसतो.' ते खोडायला आठवडा गेला. दिल्लीहून विमानखात्याचा फॉर्म आला. विमानाचा नोंदणी क्रमांक? वैमानिकाचे नाव व परवाना? आसनसंख्या? ह्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, आसनसंख्या शून्य, वैमानिक जमिनीवर उभा राहतो. ते परत आलं, वैमानिक विमानात का नाही याचा खुलासा करावा. वायरलेसवाल्यांनी तो डबाच ठेवून घेतला तपासणीला, दीड महिना. मी हसत होते तेव्हा. खरंच हसत होते, शाळेत सगळ्यांना सांगायची. डोक्यावरून पाणी जातंय हे कळलंच नाही.

डबा परत आला तोवर भाद्रपद लागला होता. एका रविवारी आम्ही विमान घेऊन गावी गेलो, नुसतं जागेवर जाऊन अंदाज घ्यायला. काय सांगू, गवत असं आलं होतं! वारा नाही, आभाळ स्वच्छ, आसपास माणूस नाही. ह्यांनी पंख जोडले, इंजिन चालू करून बघितलं, कॅमेऱ्यात रीळसुद्धा होतं. आत्याबाई निंबाखाली बसलेल्या. म्हणाल्या, "चेतन, उडीव की रं. कोन बघतंय?"

मी हात जोडले हो. नवऱ्यापुढं भर उन्हात हात जोडले. "अहो, एकदाच. पाच मिनिटांचं काम. पुढचं पुढं बघू."

हे इंजिन बंद करून म्हणाले, "दिल्लीचं पत्र आलंय, लष्कराचं आलंय. आता पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. एवढं सगळं नीट केलं आणि शेवटी चोरासारखं काढायचं?"

"कुणाची चोरी? माझी मुलगी आहे तिथं!"

"माझी नाही का?" असं म्हणाले आणि पंख सोडवून खोक्यात ठेवायला लागले. एक पंख खोक्यात उलटा गेला, तो काढून परत ठेवला, मी पाहिलं. तरी मला दया आली नाही. "तुमचा कायदा घाला चुलीत!" म्हणून मी नदीकडं निघून गेले.

पंधरा दिवसांनी ऑफिसात गेलो. भाऊसाहेब म्हणाले, "सगळं झालं. आता एकच दाखला राहिलाय, ग्रामपंचायतीचा. स्थानिक पातळीवर कुणाची हरकत नाही ना, हे विचारावंच लागतं."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, तिथं सरपंच कोण आहे, ठाऊक आहे का?"

"बाई, पत्र सरपंच ह्या पदाला जातं. माणसाचं नाव आम्ही लिहीत नाही."

"सोबत काय जोडलंत?"

"सगळंच. अर्ज, यादी, नकाशा. अपुरी फाइल पाठवता येत नाही."

ज्याच्यापासून जागा वाचवायची, त्यालाच आम्ही कुठं काय आहे ते लाल पेनानं दाखवून दिलं होतं. घरी येताना स्कूटरवर मागं बसून मी हे बोलले तर हे म्हणाले, "त्यांना उत्तर द्यावं लागेल, कायद्यानं. हरकत घेतली तर कारण द्यावं लागेल, आणि कारण काय देणार?" ऑक्टोबर गेला. दिवाळी गेली. उत्तर आलं नाही. श्रीमंतरावांनी हरकत घेतली नाही की दाखला दिला नाही. गवत वाळून पिवळं पडलं, पण हे म्हणाले, वाळल्यावरही फरक दिसतो, अजून वेळ गेलेली नाही.

सहा डिसेंबरला आमच्या वस्तीवर कुणी राहत नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला सगळी वस्ती दादरला जाते, चैत्यभूमीवर. पोराबाळांसकट, भाकरी बांधून, पुणतांब्यावरून गाडी धरून. चार तारखेला निघायचं आणि सातला परत यायचं, वर्षानुवर्षांचा रिवाज. हे गावात कुणाला ठाऊक नाही? आम्ही नगरहून दादरला गेलो होतो. वस्तीवर त्या साली फक्त आत्याबाई राहिल्या, गुडघ्यांमुळं.

सातला वस्तीवर पोचलो तर आत्याबाई निंबाखाली. डोक्यावर पदर नव्हता, आणि मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती. पुढं सगळी काळी माती उताणी पडलेली, नदीपर्यंत.

"दोन टॅक्टर आनले हुते," त्या म्हणाल्या. "पाच तारकंला सकाळपास्नं. लई खोल घातला गं नांगर. मी म्होरं जाऊन बसले तर दोघांनी उचलून हितं आनून ठिवली. बया, तुज्या वयाचा मान ठिवतो म्हनले."

"पोलिसांत नाही का गेलात?"

"कशी जानार? गुडगं बघ माजं." मग म्हणाल्या, "जयमाले, सिरमंतच्या हातात कागूद हुता. तांबड्या ठिपक्यांचा. तू काडलेला त्योच. कागदात बघायचा आन् डायवरला सांगायचा, हितनं घे, आता हितनं आडवा घे. एक जागा सोडली न्हाई."

मी काय केलं ते मला आठवत नाही. लोक सांगतात, मी मातीत शिरून पावलं टाकत होते. अठरा मोजायची, परत निंबाकडं यायची, परत मोजायची. ढेकळांमधून पाय नीट पडत नव्हता, दर वेळी वेगळीच जागा यायची. शेवटी बायकांनी धरून आणलं.

पोलिसांनी सांगितलं, जमीन कागदावर त्यांची, नांगरायला मनाई हुकूम नाही, तुमचं प्रकरण तर चालूच आहे. जानेवारीत तिथं ऊस लागला. आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतीचा दाखला आला. मी वाचलाय तो. 'सदर छायाचित्रणास ग्रामपंचायतीची कोणतीही हरकत नाही. अर्जदारांनी जरूर छायाचित्रे काढावीत. या उपक्रमास शुभेच्छा.' खाली श्रीमंतरावांची झोकदार सही.

मार्चमध्ये परवानगी हातात पडली. अकरा अटी. दोनशे फुटांच्या वर जायचं नाही, पोलीस आणि तलाठी हजर पाहिजेत, छायाचित्राच्या दोन प्रती ऑफिसात जमा करायच्या. मी म्हटलं, फाडून टाका. हे म्हणाले, नांगरलेल्या जमिनीतही मातीचा रंग बदलतो, खोल मातीचे डाग वरून दिसतात, कुठं तरी वाचलंय. डोळे खोल गेले होते ह्यांचे. मला कळत होतं, त्यांना फोटो नको होता, आपण केलं ते चुकलं नाही एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. मी अडवलं नाही.

एप्रिलात विमान उडालं. श्रीमंतरावांनी बांधावर खुर्च्या टाकल्या, तलाठ्याला आणि हवालदाराला चहा पाठवला. ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चेतनराव, गावाचं नाव काढलंत. आपल्या गावात विमान!" ह्यांनी इंजिन चालू केलं. विमान मात्र काय सुरेख उडालं. घारीसारखं संथ, उसावरून तीन फेऱ्या. हवालदार टाळ्या वाजवत होता. माझ्याच्यानं वर बघवेना.

फोटो ह्यांनी स्वतः स्टुडिओत धुतले, काळे-पांढरे, मोठ्या आकाराचे. डाग वगैरे काही नव्हते. ऊस हातभर झालेला, आणि सऱ्या अशा सरळ की पट्टीनं आखल्यासारख्या. त्यातला एक आत्याबाईंना दाखवला. त्यांनी आयुष्यात गाव वरून कधी पाहिलेलं नव्हतं, तरी क्षणात ओळखलं. निंबावर नख ठेवलं, मग नखानं एकेक सरी मोजत नदीकडं सरकल्या आणि तेरावीला थांबल्या. अंगठ्यानं तेवढाच भाग पुसला, पदरानं पुसला, परत पाहिला. मग फोटो पालथा घालून माझ्याकडं दिला.

अटीप्रमाणं दोन प्रती ऑफिसात दिल्या. तिथून त्या तालुक्याला गेल्या, कारण दफनभूमीचं प्रकरण तिकडं पडून होतं आणि आमच्या अर्जावर त्याचाच नंबर मी सुवाच्य अक्षरात टाकला होता. जूनमध्ये भाऊसाहेबांचा निरोप आला, निकाल लागलाय, प्रत घेऊन जा. हे म्हणाले, मी ती पायरी पुन्हा चढणार नाही. म्हणून मी गेले.

भाऊसाहेबांनी स्टूल पुढं केलं, पाणी दिलं, आणि वाचून दाखवलं. 'अर्जदारांनी सादर केलेल्या नकाशात सदतीस खुणा दर्शविल्या आहेत. तथापि, अर्जदारांनीच शासनाच्या रीतसर परवानगीने व पंचांसमक्ष घेतलेल्या हवाई छायाचित्राशी सदर नकाशा ताडून पाहता, जागेवर संपूर्ण ऊस लागवड दिसून येते. दफनाची एकही खूण आढळत नाही. छायाचित्राच्या सत्यतेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"अपील करता येईल," ते म्हणाले. "साठ दिवस आहेत. पण तुमचाच फोटो तुम्हाला खोटा म्हणावा लागेल." मग बराच वेळ फायलीला लावलेल्या फोटोकडं बघत राहिले. बिचाऱ्यांना काहीतरी चांगलं बोलायचं असावं. म्हणाले, "फोटो मात्र फार सुरेख आलाय, बाई. एकेक सरी मोजून घ्यावी."

"मोजा," मी म्हटलं. "निंबापासून मोजा. तेराव्या सरीत माझी मुलगी आहे."

त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट फोटोवर होतं, ते त्यांनी चटका बसल्यासारखं उचललं. फाइल मिटली, आवक-जावकचं रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं आणि अगदी हळू म्हणाले, "इथं पोच म्हणून सही लागेल."

मी केली.